शेवटचा फर्मा

"पोरगं पाहून पुस्तक द्या लागते, मॅडम. पुस्तक पाहून पोरगं नाही," असं म्हणत चाचा पुस्तक उघडायचे ते थेट शेवटच्या पानावर. शेवट वाचायचा, हुं करायचं आणि मग समोरच्या पोराला खालून वरपर्यंत न्याहाळायचं. डॉक्टरसुद्धा एवढं बघत नाहीत.

चाचा दारव्ह्यात पुस्तकं बांधायचे. मी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल. आमच्या मागच्या खिडकीतून त्यांचं दुकान दिसायचं. दुकान कसलं, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, खळीचा डबा आणि चाचा. फाटकी पुस्तकं मी त्यांच्याकडे पाठवायची आणि ती महिना-महिना परत यायची नाहीत, कारण हा माणूस शिवण्याआधी ती वाचायचा. उसवलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, मांडीवर घेऊन निवांत.

"चाचा, पुस्तकं बांधायला दिलीत, परीक्षेला बसायला नाही," मी चिडायची.

"बिना वाचता कसं शिवू? कोन्ता फर्मा आंधी, कोन्ता मांगून, कसं समजन?"

पानांवर आकडे असतात, हे मी सांगून सांगून थकले.

जादूच्या कादंबऱ्यांचं त्यांना भारी वेड. शाळा सुटली की पोरं आधी त्यांच्या पायरीवर जायची आणि मग माझ्याकडे यायची, तीही ऑर्डर घेऊन. "चाचानं सांगतलं, राक्षस कुत्र्याले भेते, ते द्या." कुत्र्याला भिणाऱ्या पोरासाठी चाचांनी ते निवडलेलं असायचं. वर्गात दादागिरी करणाऱ्या एकाला ज्यात राजपुत्राचं गाढव बनतं ते पुस्तक दिलं, तर त्याची आई मला विचारायला आली, पोरगं असं एकाएकी गरीब काहून झालं म्हणून. आमच्या अध्यक्षांचं मत, पोरांनी सामान्यज्ञान वाचावं. चाचा त्यांना म्हणाले, "साहेब, सामान्य ते रोज पाहूनच राह्यले न."

खरंच पाहत होती. तुम्ही त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात राहिला असाल तर मला फार सांगावं लागणार नाही. कापूस बुडून कर्जापायी शेतकरी जीव देत होते, ती वर्षं. आज या गावचा माणूस गेला, उद्या त्या गावचा. हजेरीत पोराच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, तिथं गुरुजी अडखळायचे. अशी पोरं चाचांच्या पायरीवर येऊन नुसती बसायची. काही मागायची नाहीत. चाचाही काही विचारायचे नाहीत, फक्त शेवटची पानं पुन्हा पुन्हा वाचायचे. पुस्तकं अडकवून ठेवतात म्हणून मला चाचांचा रागही यायचा आणि घरी गेल्यावर रडूही यायचं.

त्यातच अकरा वर्षांची एक पोरगी बाप गेल्यावर मामाकडे राहायला आली. चाचांना म्हणाली, "बाप असलेलं द्या." त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग दिलं. चोरीला गेलेला वारा आणायला एक सुतार सात दरवाजांच्या किल्ल्यात जातो आणि त्याची लेक गावात वाट पाहते, अशी कादंबरी. पोरीनं ती लागोपाठ तीनदा नेली. तिसऱ्यांदा परत करताना पहिल्यांदा हसली. "येऊन राह्यला न तिचा बाप," म्हणाली. म्हणजे येतोय, वाटेत आहे. मी ती कादंबरी वाचली नव्हती. ग्रंथपालानं हे कबूल करू नये, पण करते.

दोन वर्षांनी शाळेच्या पुस्तकपेटीत तिला त्याच पुस्तकाची दुसरी प्रत सापडली. ती प्रत घेऊन पोरगी भर दुपारी चाचांच्या दुकानात आली. मी तिथंच होते, पुस्तकांचा तगादा लावत बसले होते. तिनं पुस्तक शिकंज्यावर ठेवलं.

"चाचा, यातला बाप मरते. डोंगर उतरता उतरता. तुमच्यावाल्यात सोळा पानं कमी हायत."

चाचांनी मान खाली घातली. म्हणजे शेवटचा फर्मा त्यांनी उसवून काढला होता. आमच्या प्रतीत बाप डोंगर उतरू लागतो, त्याला गावचे दिवे दिसतात आणि खाली लाल शाईनं, चाचांच्या अक्षरात, 'समाप्त'.

"बेटा, तुले तरास झाला असता."

"घरी बी आठ दिवस हेच सांगत होते. बाबाले नागपूरले नेलं, येऊन राह्यले, येऊन राह्यले. मी आठ दिवस त्याहिची चप्पल दारात ठेवली." तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, पुस्तक तरी खोटं बोलत नसन."

पुस्तक तिथंच ठेवून ती गेली. वाचनालयात पुन्हा कधी आली नाही.

त्यानंतर चाचांनी कुणाला पुस्तक सांगितलं नाही. पायरीवर कोणी आलं की म्हणायचे, "मॅडमले विचार." ते ग्रामपंचायतींची रजिस्टरं शिवत बसले, ज्यात वाचण्यासारखं काही नसतं. एकदा न राहवून मी म्हटलं, "चाचा, तुम्ही चांगल्यासाठीच केलं."

"चांगल्यासाठीच तर समदे खोटं बोलते, मॅडम."

 

चाचा गेले तेव्हा त्यांच्या मुलानं मला एक गठ्ठा आणून दिला, शिवणीच्या दोऱ्यानं बांधलेला. वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे शेवटचे फर्मे होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं एका पोराचं नाव, गाव आणि खाली, 'मोठं झाल्यावर देणे.' किती होते ते मी मोजलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. तो गठ्ठा मी टेबलाच्या खणात ठेवला आणि पुस्तकं तशीच कपाटात राहिली.

परवा एक नवी पोरगी त्यातलंच एक घेऊन आली. "मॅडम, हे असं कसं संपलं? याच्यापुढं काय झालं?"

मी खण उघडला. तिच्या पुस्तकाचा फर्मा शोधून काढला. देणारच होते, पण मग तिच्याकडे नीट पाहिलं.

"कोणासंग राह्यतं तू?"

"मावशीसंग."

"आन् बाबा?"

"नागपूरले हायत," ती म्हणाली. "येऊन राह्यले."

फर्मा हातात धरून मी मागच्या खिडकीतून गल्लीकडे पाहिलं. चाचांच्या दुकानात आता मोबाइलचे रिचार्ज मिळतात.