गिळू नका!

“गिळू नका!”

आपण ग्लास ओठाला लावला रे लावला, की हे गृहस्थ उजव्या हाताचा पंजा चौकातल्या पोलिसासारखा वर करायचे आणि ओरडायचे. दचकून निम्मी वाइन नाकात जायची. मग ते स्वतः डोळे मिटून, घोट या गालातून त्या गालात फिरवत उभे राहायचे. त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही पाच धडधाकट माणसं तोंडं फुगवून त्यांच्याकडे बघत बसलेलो असायचो. शेवटी एकदाचा पंजा खाली यायचा आणि आम्हाला गिळायची परवानगी मिळायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. परगावी दोन दिवस जाऊन येतो आणि उरलेलं आयुष्य आपल्याला शिकवण्यात घालवतो. आमच्या नशिबी हे होते. पडेगावच्या आमच्या सोसायटीत ते बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. वाळूजच्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरी. त्याआधी बरीच वर्षं बजाजनगरला दोन खोल्यांत काढलेली, पण तो विषय ते कधी काढायचे नाहीत. गावाचा तर नाहीच नाही. गाव कुठलं म्हणून विचारलं की “इकडंच, जवळच” म्हणायचे आणि ग्लास उजेडात धरून बघायला लागायचे.

कंपनीनं त्यांना एकदा नाशिकला द्राक्षमळे आणि वाइनचा कारखाना दाखवायला नेलं होतं. जाताना बरे होते. आले ते हे असे.

आणि वेळ बघा! सलग दुष्काळाची वर्षं. काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज पाच मजली इमारत, दारात कारंजं, आणि कारंज्याला पाणी नाही. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही नळात साप शिरल्यासारखा फुसफुसून गप्प व्हायचा. आमचा बोअर तर केव्हाच आटला होता. आंघोळ एका बादलीत आणि त्याच बादलीतलं उरलेलं पाणी फरशीला, असे दिवस. त्यात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी यांच्याकडे ‘टेस्टिंग’. आम्ही दोघं, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, आणि यांची बिचारी बायको. ती प्रत्येकाच्या हातात छापील कागद ठेवायची. त्यावर रकाने होते: रंग, वास, पहिला घोट, शेपूट. शेपूट म्हणजे गिळल्यावर मागं रेंगाळते ती चव. हा शब्द त्यांनी स्वतः शोधला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. “हिचं शेपूट लांब आहे, वहिनी. अजून लांब. अजून आहे, थांबा.” आमचे हे सगळ्या रकान्यांत ‘बरी’ लिहायचे आणि चीजच्या ताटलीकडे सरकायचे.

त्या चीजचंही एक प्रस्थ. एक पिवळं, एक पांढरं, एक निळ्या बुरशीचं. आमच्या घरी भाकरीवर एवढीशी बुरशी दिसली तर सासूबाई अख्खी चवड गाईला घालतात. इथं ती बुरशी चाकूच्या टोकावर घेऊन नाकाशी धरायची आणि “वा” म्हणायचं. सासूबाई एकदा हौसेनं वर आल्या होत्या. घोट थुंकायला ठेवलेलं तपेलं बघून त्यांनी विचारलं, “दारू प्यायला बोलावलं आन् थुंकायला लावता व्हय?” आम्ही हसून हसून पडलो. हे गृहस्थ मात्र गंभीर. “आजी, चाखणं वेगळं, पिणं वेगळं.” सासूबाईंनी निळ्या चीजचा एक तुकडा पदराला पुसून परत ताटलीत ठेवला आणि खाली निघून आल्या.

आता मी कशी आहे तेही सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पुराव्याशिवाय कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. आणि हे तर वाइनमध्ये जळकं लाकूड, ओली माती, जुनं चामडं काय काय शोधायचे. चामड्याचा वास येत असेल तर प्यायची कशाला बाई? मी तोंडावर म्हणायचे, “भावजी, पायताण बुडवलंय का कुणी?” ते हसायचे. त्यांना राग येत नसे, याचा मला जास्त राग यायचा.

एकदाच काही वेगळं घडलं. डॉक्टरांच्या ओळखीचं एक जोडपं दौलताबादच्या पुढं शेळ्या पाळून चीज करायला लागलं होतं. त्यातलं एक पांढरं ढेकूळ डॉक्टरांनी आणलं. या गृहस्थांनी तुकडा जिभेवर ठेवला. ना पंजा, ना शेपूट. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “ही शेळी बाभळीच्या शेंगांवर हाय. पाला मिळंना झालाय तिला.”

‘हाय’? ‘मिळंना’? यांच्या तोंडून? आम्ही चौघं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसलो. मी म्हटलं, “शेळीनं कानात सांगितलं का भावजी?” ते कानापर्यंत लाल झाले, खाकरले आणि “म्हणजे, जरा तुरट नोट आहे,” असं म्हणून बाटलीकडे वळले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची बायको मला जिन्यात भेटली. तिनं त्या चीजवाल्यांना सहज विचारलं होतं. चारा मिळत नव्हता म्हणून महिनाभर शेळ्यांना बाभळीच्या शेंगाच चालू होत्या. “लागला असेल अंदाज,” मी म्हटलं. त्यांना जाऊन सांगावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

उलट मी ठरवलं की यांची एकदा रीतसर परीक्षा घ्यायची. पुढच्या टेस्टिंगला मी चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या. त्यातल्या एका, त्यांच्या आवडत्या भारी वाइनच्या रिकाम्या बाटलीत मी गल्लीतल्या दुकानातली सगळ्यात स्वस्त, खोकल्याच्या औषधासारखी गोड पोर्ट वाइन भरली होती. त्यांनी घोट घेतला. पंजा वर. “गिळू नका!” डोळे मिटले. “काय खोली आहे! ओली माती. आणि शेपूट... अहाहा.” मी कागद फाडला, बाटली दाखवली, आणि मग आत खरं काय आहे तेही सांगितलं. माझ्या वर्गात एखाद्या पोराला फळ्यासमोर उभं करून त्याचं चुकलेलं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवावं, तसं केलं मी ते. आमचे हे सोफ्यावर लोळून हसले. डॉक्टरांना ठसका लागला.

त्यांची बायको उठून आत गेली. ते म्हणाले, “पकडलंत वहिनी,” आणि हसले. मग ग्लास गोळा करून स्वतः धुवायला घेतले, एकाच तांब्यात, पाणी जपून. त्यानंतर टेस्टिंग झालं नाही. मी मात्र हा किस्सा जिन्यात, भाजीवाल्यापाशी, स्टाफरूममध्ये सगळीकडे सांगितला. दर वेळी रंगवून सांगितला. सोसायटीतली पोरंटोरंही त्यांना बघून पंजा वर करायला लागली.

मग तो उन्हाळा आला. सगळा कारभार टँकरवर. एका सकाळी नेहमीचा टँकर आला नाही, दुसराच आला. खालच्या टाकीत पाइप सोडला, आम्ही सगळे बादल्या घेऊन भोवती. तेवढ्यात हे गृहस्थ बनियनवर, हातात स्टीलचा पेला घेऊन खाली आले. नेहमीच यायचे म्हणे, प्रत्येक टँकरला. माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. पाइपाखाली पेला धरला, घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात. मग पचकन थुंकले आणि पंजा वर केला.

“गिळू नका! कुणी गिळू नका हे पाणी!”

काय सांगू, अख्खं पार्किंग हसलं. टँकरवालाही हसला. “क्या हुआ साब, मीठा पानी है!” आणि मी, मी सगळ्यांत पुढं, मोठ्यानं विचारलं, “भावजी, याचं शेपूट कसं आहे?”

त्यांचा चेहरा अजून दिसतो मला. “हसू नका वहिनी. पाया पडतो तुमच्या. ह्यात कंपनीचं सोडलेलं पाणी हाय. जिभेच्या कडंला चटका बसतोय. मेंढरं तोंड लावणार नाय ह्याला!”

“मेंढरं!” कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा.

मी काय केलं? वर गेले, क्लोरीन तपासायची बाटली आणली, सगळ्यांसमोर चार थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे जंतू नाहीत. कारखान्याची घाण त्या थेंबांना कळत नाही. हे मी अकरावीच्या पोरींना दर वर्षी शिकवते. त्या सकाळी मला ते आठवलं नाही म्हणू, की आठवून घ्यायचं नव्हतं म्हणू? सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं: ‘पाणी तपासले आहे. निर्धास्त वापरावे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. ते पेला घेऊन वर गेले.

सगळ्यांच्या घरी पाणी गाळायची मशीन होती, आमच्याही. पण सासूबाईंना ते पाणी चालायचं नाही. “मेलेलं पाणी हाय ते,” म्हणायच्या. त्यांचा माठ थेट नळाखाली भरायचा, आणि तो मीच भरायचे. त्या दिवशीही मीच भरला.

तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात आग, तोंडात फोड. मग लघवी बंद. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला धक्का बसलाय, पाणी कुठलं पीत होत्या? मी रिपोर्टचे कागद चाळत राहिले. बारा दिवस दवाखान्यात. मला आई नाही, तुम्हाला सांगते. लग्नानंतर डोक्याला तेल लावून दिलं ते या बाईनं. तिच्या उशाशी बसून मी तो ग्रुप उघडायचे, माझी दोन वाक्यं वाचायचे आणि बंद करायचे. मी ती कधी पुसली नाहीत आणि कधी चुकलं म्हणूनही लिहिलं नाही. दुसऱ्या टँकरवाल्याला शिव्या देऊन सोसायटी मोकळी झाली, मीही त्या शिव्यांत सूर मिसळला.

सासूबाई घरी आल्या, निम्म्या होऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी पाण्याचा पांढरा कॅन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बेल वाजायची नाही. चौथ्या दिवशी मी पहाटेपासून दाराशी टपून बसले. जिन्यावर पावलं वाजली तसं दार उघडलं. कॅन खांद्यावर, शर्ट भिजलेला. दौलताबादच्या रस्त्यावरच्या कुठल्याशा विहिरीवरून स्कूटरवर आणत होते.

“आजींना मशीनचं चालत नाही ना,” ते म्हणाले. “हे चाखलंय मी.”

माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, “तुम्हाला कसं कळतं हो?” तेही असं, जसं तोंडी परीक्षाच घेतेय.

कॅन खाली ठेवून ते पायरीवर टेकले. “आमची मेंढरं होती. दुष्काळात बा कळप घेऊन फिरायचा. नव्या विहिरीवर गेलं की आधी स्वतः घोट घ्यायचा, तोंडात धरायचा, थुंकायचा. मग मेंढरं सोडायचा. मला पण तेच शिकवलं. गिळू नको म्हणायचा. एकदा मी न चाखता सोडली. अकरा मेंढरं गेली. बानं मारलं नाही मला. नुसता बसून राहिला.”

“आणि वाइन?”

ते हसले. तेच हसू, पकडलंत वहिनी म्हणतानाचं. “वाइनमधलं मला काय कळतंय! कधीच काही कळलं नाही. पुस्तकात असतं ते बोलायचो.”

“मग एवढी सोंगं कशाला?”

“पाण्यातलं कळतं म्हणून कोण येतं वहिनी घरी?”

ते उठले, पँट झटकली आणि वर गेले. मी तिथंच उभी. आम्ही पाच वर्षं त्यांच्या घरी गेलो, खाल्लं, प्यालो, आणि खाली उतरताना जिन्यातच त्यांची नक्कल करायला सुरुवात करायचो. त्यांना ते वरून ऐकू जात असणार, हे मला त्या पायरीवर उभं राहिल्यावर कळलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला!

पाऊस होईपर्यंत कॅन येत राहिला. नंतर त्यांची बदली झाली. सामान गेलं त्या दिवशी मी कॉलेजात होते. सुट्टी काढता आली असती. काढली नाही.

आता फ्लॅटमध्ये दुसरे लोक आहेत, चांगले आहेत, कुणाला काही चाखायला लावत नाहीत. टँकर अजून येतात. शहर वाढलं, तसे तेही वाढले. सासूबाईंना वरचे लोक गेल्याचं चार वेळा सांगितलं, त्यांच्या लक्षात राहत नाही. टँकरचा आवाज आला की अंथरुणातून विचारतात, “त्या गिळू नकावाल्यानं चाखलं का गं?”

“चाखलं,” मी म्हणते. मग स्टीलचा पेला घेऊन खाली जाते, पाइपाखाली धरते आणि घोट तोंडात घेते. या गालातून त्या गालात फिरवते. सोसायटीतले लोक बघतात आणि तोंड फिरवून हसतात. मला काहीच कळत नाही. थोडा वेळ तशीच उभी राहते, मग गिळते, आणि वर जाऊन त्यांचा माठ भरते.