गावच्या विकीवर माहेरचं नाव

आमच्या बेलापुरात गावाचा विकी सुरू झाला तो भांडणातून. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रोज कोणीतरी गावाची माहिती टाकायचं, दुसरा ती खोडून काढायचा आणि तिसरा रागावून गट सोडून जायचा. शेवटी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी इंटरनेटवर एक जागाच उघडली. कोणीही यावं, गावातल्या विहिरीवर, देवळावर, माणसावर पान लिहावं, आणि दुसऱ्याचं चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करावं. कल्पना झकास होती. पहिल्या काही दिवसांत जे उगवलं ते पाहून मात्र मी कपाळाला हात लावला.

श्रीरामपूरच्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचा मजकूर तपासला आहे, त्यामुळे हा रोग मला लांबूनच ओळखू येतो. प्रत्येक पानाचा वाढदिवसाचा फ्लेक्स झाला होता. धडाडीचे, दमदार, आमचे प्रेरणास्थान, सगळं ठळक अक्षरात, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. एका पानाचं शीर्षक 'मा. श्री. माजी उपसरपंच' असं सुरू व्हायचं, ते माणसाच्या नावापर्यंत पोहोचेतो मोबाईलचा पडदा संपायचा. आमच्याकडे पद जातं, पण 'माजी' मरेपर्यंत जात नाही. एका विहिरीची तर तीन पानं होती, कारण तीन भावक्यांची तिच्यासाठी तीन नावं, आणि एकीचं दुसरीला मान्य नाही.

मग आमच्या ओट्यावर नियमांची बैठक बसली. शेजारी, एक निवृत्त गुरुजी आणि मी. नियम लिहून काढायचं काम मी मागून घेतलं आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका. छापखान्यात गिऱ्हाईक म्हणेल ते छापावं लागायचं. इथं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. एका गोष्टीचं एकच पान. शीर्षकात श्री, मा., कै., माजी यांतलं काही नाही. गावात आज जे नाव चालतं तेच शीर्षक. नाव सारखं असेल तर पुढे कंसात गाव. आणि लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला पुरावा.

"फोटोत गॉगल चालंल का?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"गॉगल चालेल, शुभेच्छुक चालणार नाहीत," मी म्हटलं.

या नियमांची पहिली कसोटी लागली ती आमच्याच घरात. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, उभं आयुष्य गावाची पिठाची गिरणी चालवली. त्यांच्यावर पान हवंच होतं. गाव त्यांना 'गिरणीवाल्या मावशी' म्हणतं. गुरुजी म्हणाले, मावशी हा आदराचा शब्द आहे, नियमाप्रमाणे काढा. काढला, तर मागे नुसतं 'गिरणीवाली' उरलं, आणि हे शीर्षक घेऊन त्यांच्यासमोर जायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. तेव्हा नियमाला पोटनियम जोडला: नात्याचा शब्द काढल्यावर नाव अंगावर येत असेल, तर तो राहू द्यावा.

पान तयार झाल्यावर मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. गिरणी, दळणाची गर्दी, सासरचं पूर्ण नाव, सगळं नीट ऐकून घेतलं.

"समदं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पर माझं नाव कुठंय ह्यात?"

"हे काय, पहिल्याच ओळीत आहे."

"ते ह्यांनी ठेवलेलं. लग्नात तांदळावर लिवलं आन् त्या दिवसापासनं ते झालं. माझं म्हनजे पुणतांब्याचं नाव."

मी म्हटलं, ते आता कोणाला माहीत? त्यावर त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. पुणतांब्याला त्यांची एक जिवाची मैत्रीण होती. गोदावरीच्या घाटावर दोघींचा दिवस जायचा. मैत्रिणीचे वडील रेल्वेत कामाला, तिचं लग्न झालं आणि त्यांची बदलीही झाली. पोरीला श्रीगोंद्याकडे कुठल्याशा कारखान्याच्या गावात दिली, एवढंच कळलं. तिचंही नाव बदललं असणार. म्हणजे हिला तिचं नवं नाव माहीत नाही, तिला हिचं नाही. दोघीही याच जिल्ह्यात, आणि चौकशी करायची तरी कोणत्या नावाची?

"लोक आता मोबाईलमंदी नाव घालून मानूस हुडकत्यात म्हनं," आत्याबाई म्हणाल्या. "ती हुडकंल तर जुन्याच नावानं हुडकंल. आन् ते तू लिवलंच न्हाई."

मला एकदम भरून आलं. मग रागही आला, कोणाचा ते सांगता येत नाही. मी त्याच संध्याकाळी बैठक बोलावली.

विकीत एक सोय असते. दुसऱ्या नावाचं रिकामं पान करायचं, ते उघडणारा आपोआप मूळ पानावर पोहोचतो. नियम मोडत नाही आणि नावही राहतं. नाव चारचौघींत असतं तसंच होतं, म्हणून पुढे कंसात पुणतांबा. गुरुजींना हे पटलं, पण त्यांनी विचारलं, "पुरावा?"

"शाळेचा दाखला?" शेजारी म्हणाले.

"मी शाळंत गेलीया कवा?" असं म्हणत आत्याबाई घरातून बाहेर आल्या आणि त्यांनी बांगड्या वर सारून डावा हात गुरुजींच्या पुढ्यात धरला. कोपराखाली गोंदलेलं होतं. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं त्यांचं नाव, हिरवट पडलेलं, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. गुरुजींनी चष्मा पुसून वाचलं. मग मी हाताचा फोटो काढला आणि पानाच्या तळाशी लिहिलं, 'संदर्भ: डावा हात, कोपराखाली.' इतका पक्का पुरावा आमच्या विकीवर दुसऱ्या कोणाकडे नाही.

ही गोष्ट दळणाच्या डब्यांबरोबर गावभर गेली. पुढे कितीतरी दिवस दुपारच्या वेळी बायका आमच्या ओट्यावर येऊन हळूच आपलं माहेरचं नाव सांगून जायच्या. मी पानं करत राहिले. आत्याबाई मात्र रोज एवढंच विचारायच्या, "कुनी आलं का गं?" नाही म्हणताना मला जड जायचं. श्रीगोंद्याकडची म्हातारी बाई कशाला विकी बघेल, असं मनात यायचं, पण तोंडातून काढत नव्हते.

उसाची तोड सुरू झाली तेव्हा एक दिवस पानाखालच्या चर्चेच्या जागेत अनोळखी मुलीचा मजकूर दिसला. 'माझी आजी विचारते, या बाईंना लहानपणी घाटावर पडून कपाळाला खोक पडली होती का?' पुरावा मागणारी आणखी एक निघाली. मी वाचून दाखवलं. आत्याबाईंचा हात कपाळावर गेला.

"पडून?" त्या कडाडल्या. "हिनंच ढकललं हुतं मला! लिव तसं!"

मी तसंच लिहिलं आणि खाली माझा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक चिरका आवाज आला आणि त्याने पुणतांब्याच्या नावाने हाक मारली, खच्चून, नदीच्या पलीकडच्या माणसाला मारावी तशी. त्या नावाने आत्याबाईंना कोणी हाक मारलेली मी या घरात कधी ऐकली नव्हती. त्यांनी क्षणही न दवडता ओ दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवून स्वयंपाकघरात गेले.

चहाची वेळ टळून गेली तरी बोलणं चालूच होतं. खोक कोणामुळे पडली यावरून भांडण झालं, हसणं झालं. फोन बंद झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, तुमच्या मैत्रिणीच्या गावातही कोणी त्यांचं पान करील, आपण सुचवू.

"त्यांचं सासरचं नाव काय म्हणाल्या?"

आत्याबाई म्हणाल्या, "इचारलंच न्हाई की."

"आणि त्यांनी तुमचं?"

"तिनं बी न्हाई." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "लाव परत. नाव ऱ्हाऊ दे, घाटावरचं एक सांगायचं राह्यलं."