रॉनच्या नावाचं शिंग, डेलस्फर्डच्या पुढे

शनिवार, २१ जून, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. वेरिबीतल्या आमच्या युनिटसमोर मी गाडीच्या टायरमधली हवा तपासत होतो आणि माझा फ्लॅटमेट धन्या अजून अंघोळीलाही गेला नव्हता. निघायचं ठरलं होतं साडेसातला.

जायचं होतं डेलस्फर्डपुढच्या एका फार्मवर, केलच्या विधीला. केल ही वेअरहाउसमधली माझी सुपरवायझर. माझा डिप्लोमा अर्धवट सुटला तेव्हा मला फोर्कलिफ्ट शिकवली ती तिनेच. ती थॉर, ओडिन वगैरे जुन्या नॉर्स देवांना मानते. तिचे वडील रॉन आमच्याच गेटवर सिक्युरिटीला होते. मार्चमध्ये ते गेले. इथे दक्षिण गोलार्धात वर्षातला सगळ्यात लहान दिवस जूनमध्ये येतो. त्या दिवशी तिच्या गटातले लोक शिंगातून मधाची दारू फिरवतात आणि गेलेल्यांची नावं घेतात. ज्याने त्या माणसाला पाहिलंय, त्याने त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायचे.

"माझा भाऊ येत नाहीये," केल म्हणाली होती. "तिथं बाबांना ओळखणारा तू एकटाच. तू बोलला नाहीस तर मी एकटीच त्यांचं नाव घेणार."

तीन आठवडे मी भाषण लिहिलं. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघून.

शेवटी नऊ वीसला निघालो. बॅलन रोडने बॅलन, तिथून डेलस्फर्ड, टोल नाही. डेलस्फर्डला दोन कॉफी आणि दोन व्हेज पाय, म्हणजे आपल्या पॅटिससारखा भाजी भरलेला प्रकार, एकोणीस डॉलर. जाणाऱ्यांनी नकाशाचा स्क्रीनशॉट इथेच काढून ठेवावा, पुढे रेंज जाते. मी धन्याला तेवढंच काम दिलं होतं. त्याने त्या व्हेज पायचा फोटो काढला. चुकीच्या फार्मच्या फाटकाशी आम्ही चाळीस मिनिटं घालवली.

पोहोचलो तर शेकोटीभोवती बारा जण, आणि गटाचे म्होरके, पांढऱ्या दाढीचे बॅरी, गोष्ट सांगत होते. बाल्डर नावाचा सगळ्यांचा लाडका देव मेला. सगळं जग त्याच्यासाठी रडलं तर तो परत येणार होता. दगडसुद्धा रडले. एक म्हातारी तेवढी रडली नाही, म्हणून तो मेलेलाच राहिला.

"एका म्हातारीमुळे सगळं अडलं?" मी वैतागून पुटपुटलो.

"आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट असंच अडलंय," धन्या म्हणाला.

बॅरी आमच्याकडे वळले. "तुमचा इंद्र आणि आमचा थॉर, एकच गडी ना, मेट?"

"असेल," धन्या म्हणाला. "पण आमच्याकडे इंद्राची पूजा कोणी करत नाही. त्याला कायम खुर्ची जाण्याची भीती."

तीन वाजता शिंग फिरू लागलं. पहिली फेरी देवांची. धन्या माझ्या कानाशी आला. "अरे, सगळ्यांचं उष्टं आहे ते. आणि बैलाचं शिंग. मी नाही पिणार, आज एकादशी आहे."

"काल तू चिकन खाल्लंस."

"काल दशमी होती."

त्याने शिंग कपाळाला लावून पुढे दिलं. कोणाची हरकत नव्हती. तेवढंच करायचं सोडून मी तांब्यातून पितात तसं वरून प्यायला गेलो. वाकड्या शिंगातून दारू आधी येतच नाही आणि मग एकदम येते. सगळी जॅकेटवर. टोक खाली ठेवून हळू तिरकं करावं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी फेरी गेलेल्यांची. शिंग माझ्या हातात आलं तसा मी कागद उघडला. "रॉन अत्यंत प्रेमळ होते. गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वडिलांची माया दिली."

केल माझ्याकडे बघत राहिली.

"हा कोण माणूस?" ती म्हणाली. "माझे बाबा नाहीत हे."

"शिंग हातात घेऊन खोटं बोललं की ते सगळ्यांनाच भोवतं, मेट," बॅरी शांतपणे म्हणाले.

आमच्याकडच्या शोकसभेत असंच बोलतात. हयातभर भांडलेला शेजारीही तिथे देवमाणूस होतो आणि कोणी हटकत नाही. तीन आठवडे फुकट गेले होते, जॅकेट ओलं होतं, बोटं गारठली होती. मी कागद घडी करून खिशात टाकला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "एकदा मी अकरा मिनिटं लवकर आलो. पाऊस होता. रॉन फाटकाच्या आत छत्री घेऊन उभे होते. म्हटलं, आत घ्या. तर म्हणाले, शिफ्ट सहाची आहे. अकरा मिनिटं ते मला भिजताना बघत होते. सहाला फाटक उघडलं आणि म्हणाले, चल, उशीर होतोय तुला."

केल मोठ्याने हसली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलत राहिले. कोणी तिला गप्प करायला गेलं नाही. जरा वेळाने तिने माझ्या हातातून शिंग घेतलं.

"हे बाबा," ती म्हणाली, आणि रॉनचं नाव घेऊन प्यायली.

साडेआठला घरी पोहोचलो. पेट्रोल एकेचाळीस, जेवणाची वर्गणी दोघांची साठ, कॉफी-पाय एकोणीस, जॅकेटचं ड्रायक्लीनिंग बावीस. एकूण एकशे बेचाळीस डॉलर. जॅकेट माझ्या खात्यात. बाकीच्यातले साठ धन्याकडून येणं आहे.

देणं एकच. केलचा मेसेज आला, फाटकाची गोष्ट लिहून दे, भावाला पाठवायची आहे. रविवारी दुपारी लिहायला बसलो. शेवटी आपोआप आलं, 'पण माणूस मनाने चांगला होता.' ती ओळ खोडली आणि पाठवून दिलं.