मास्तरांच्या पोटाचा घेर

सरकारी दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. ऐंशीच्या दशकात तोंडवलीच्या अलीकडच्या एका कोकणी गावात मी डॉक्टर होतो. मी साताऱ्याकडचा, बिनलग्नाचा, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहायचो. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की समुद्राचा आवाज आणि मी. एकट्या माणसाकडे किस्से जरा जास्तच साठतात, कारण ऐकायला कोणी नसतं. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

* * *

त्या गावात जाडी हा आजार नव्हता, जाडी म्हणजे तब्येत. मुंबईहून गणपतीला आलेल्या मुलाचं पोट दिसलं की आई शेजारणीला सांगायची, "झील बरो अंगान सुटलो हा!" आणि काटकुळा परत आला की त्याला थेट माझ्याकडे आणायची.

एकदा एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सून धडधाकट. दिवसभर विहिरीचं पाणी ओढून आणि शेतात राबून अंग काटक झालेलं. सासूबाई म्हणाल्या, "हिका जाडी होवची गोळी देवा."

मी तपासलं. म्हटलं, "हिला काहीच रोग नाही."

"रोग नसांदे. पण लोक म्हणतत, सासू जेवक घालीत नाय. ता औषध माझ्यासाठी."

मी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. कुणी घेतल्या, देव जाणे.

* * *

दवाखान्याच्या पडवीत रोज दोघं येऊन बसायचे. एक मास्तर, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला. दुसरे आबा, पोस्ट सांभाळणारे. आबा म्हणजे भाताचं कोठार. गाल, दंड, मांड्या, सगळीकडून भरलेले. मास्तर अगदी उलट. हातापायाच्या काड्या आणि मध्ये तेवढं पोट.

मास्तरांना बरेच दिवस थकवा होता आणि उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. आता कोल्हापूरला असलेल्या आमच्या सरांनी कॉलेजात शिकवलेलं, वजनाच्या काट्यावर जाऊ नका, चरबी कुठे बसलीय ते बघा. पोटातली चरबी वाईट. मी शिंप्याकडची टेप आणून मास्तरांचा घेर मोजला आणि त्यांना सरांकडे जायला सांगितलं. तिथे तेव्हा सोनोग्राफीचं मशीन नवीन आलं होतं. सोबत म्हणून आबा गेले आणि "आयलंय तर माझापण बघा" म्हणून तेही टेबलावर झोपले.

निकाल असा, की आबांचं लिव्हर स्वच्छ आणि मास्तरांच्या लिव्हरवर चरबी!

एसटीतून उतरल्या उतरल्या आबा पडवीत येऊन म्हणाले, "डॉक्टरानू, माझा पार्सल मास्तरांच्या पत्त्यार गेला."

* * *

आबांनी उभ्या जन्मात कुणाचं पत्र फोडलं नाही. बातमी मात्र त्यांच्या हातात टिकत नसे. दोन दिवसांत गावभर झालं, मास्तरांचं लिव्हर बिघडलं.

आता लिव्हर म्हणजे दारू, हे गावाला पक्कं ठाऊक. आणि मास्तर कसे? दारूच्या वासानंही रस्ता बदलणारे. शाळेत असताना दारू पिऊन आलेल्या बापांना त्यांनी फाटकाबाहेर उभं केलेलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "भायरसून कीर्तन, आतसून तमाशा," असंही कुणीतरी म्हणालं.

मी ज्याला त्याला सांगत सुटलो की दारू न पिताही लिव्हरवर चरबी चढते, गोड खाऊन, बसून राहून. ऐकतो कोण!

एका सकाळी बाबल्या पडवीत आला. गावातला मानाचा पिणारा. मास्तरांच्या समोर उकिडवा बसला. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मास्तरानू, इतकी वर्सां एकटेच घेय होतास? आमका एकदा तरी हाक मारूची."

मास्तर हसले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

* * *

चरबी आली कुठून, याचा शोध मी लावला. मास्तरांच्या घरात चूल क्वचितच पेटायची. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी अक्षर शिकवलेलं, त्यामुळे कुणाकडे सत्यनारायण असो, म्हाळ असो, बारसं असो, पहिलं पान मास्तरांचं. एका घरी खीर, दुसऱ्या घरी गुळाच्या रसातल्या खापरोळ्या, तिसऱ्या घरी नारळाच्या गोड रसात बुडवलेले तांदळाचे शिरवाळे. वर प्रत्येक घरातली बाई, "मास्तरानू, आमच्याकडे कमी खाल्लास" म्हणून आणखी वाढणार.

मी सांगितलं, गूळ-साखर बंद, भात अर्धा, आणि रोज खाडीपर्यंत चालायचं.

मास्तर म्हणाले, "गोड सोडतंय. पण डॉक्टर, गोडासाठी खंय जातंय मी? घरात भिंतींशी बोलान कंटाळलंय."

मला ते कळलं. न कळायला काय झालं? मीही खाणावळीत भिंतीकडे तोंड करूनच जेवायचो.

* * *

माझा सल्ला गावानं मास्तरांपेक्षा जास्त पाळला. बोलावणी बंद झाली. मला वाटलं, दारूचा संशय अजून गेला नसावा. म्हणून मी एका घरी, जिथे मास्तर हमखास जेवायचे, तिथल्या काकींना विचारलं, "मास्तरांना बोलावत नाही का हल्ली?"

काकींना राग आला. "संशय कोण घेता? पण तुमीच सांगलास ना, अर्धो भात, गोड नको? पावण्याक बोलवून अर्धा पान वाडूचा? असला पाप आमच्या घराक लागाक नको. तेपेक्षा बोलावणाच नको."

मी म्हटलं, "नुसतं गप्पा मारायला बोलवा."

काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. जेवणवेळेला माणूस घरी येऊन न जेवता जातो, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरेना. "तुमच्या घाटावर चालत असात," म्हणाल्या आणि आत गेल्या.

* * *

मास्तर घरी पेज शिजवून प्यायला लागले. खाडीपर्यंत चालायचे, एकटेच. पोट उतरत गेलं. ते रोज माझ्याकडे टेप लावून घ्यायला यायचे.

मी म्हटलं, "मास्तर, रोज मोजून फरक दिसत नाही. महिन्यानं या."

"मोजा वो," मास्तर म्हणाले. "तेवढाच कोण तरी विचारता, कसे आसास."

मग मी रोज मोजायचो. टेप गुंडाळायला दोघंही मुद्दाम वेळ लावायचो.

* * *

वर्षभरानं मास्तर पुन्हा कोल्हापूरला जाऊन आले. चरबी जवळजवळ गेलेली. मी खूश, आबा खूश, गाव तर फारच खूश. मास्तर पीत नव्हते हेही आता सगळ्यांना पटलं होतं, कारण "पिणाऱ्याचा लिव्हर असा सुधारता खंय?"

आबांच्या आग्रहानं जत्रेच्या दिवशी मास्तरांनी ग्रामदैवत रवळनाथापुढे नारळ ठेवला. अख्खं गाव देवळात. तिथली पद्धत अशी, की भक्ताच्या वतीनं गुरव देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं हात जोडून "होय महाराजा" म्हणतात.

गुरवानं सुरुवात केली. "बा देवा महाराजा, मास्तरांच्या लिव्हरार जी काय चरबी होती, ती तू दूर केलंस."

"होय महाराजा."

"गावात जो काय खोटो बोभाटो झालो, तो तू मिटवलंस."

"होय महाराजा."

"आता तेंका निरोगी ठेव आणि शंभर वर्सां आयुष्य दी महाराजा."

"होय महाराजा."

गुरव मास्तरांकडे वळला. "मास्तरानू, आणखी काय मागणा आसा?"

मास्तरांनी एकदा जमलेल्या गावाकडे पाहिलं. मग पुढे वाकून त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. गुरवानं मान हलवली, देवाकडे तोंड केलं आणि त्याच ठरलेल्या चढ्या सुरात म्हणाला,

"आणि शंभर वर्सां देवची नसली तरी चलात, पण तेंका आता कोणाच्या तरी घराकडना जेवणाचा बोलावणा येवंदे रे महाराजा!"

आणि सगळं देऊळ हात जोडून एका आवाजात म्हणालं, "होय महाराजा."