माझ्या नंबरावरच्या बायका

आर्वीतल्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं पुढच्या टेबलावर बसते. आधी सगळं सोपं होतं. पहिल्या गाडीने आलेल्या बायका पायरीवर आपापल्या पिशव्या ओळीने मांडायच्या आणि स्टँडवर चहाला जायच्या. पिशवी बघून मी सांगायचे, आता कोणाची पाळी ते. भांडणं व्हायची, पण ती पिशव्यांवरून.

मग कॉम्प्युटर आला. डॉक्टर म्हणाले, आता कोणाला ताटकळावं लागणार नाही. खोटं नव्हतं ते. मोबाइलवाले मास्तर, दुकानदार ठरल्या वेळी यायचे, दाखवून मोकळे व्हायचे आणि जुने कागद हरवले म्हणून बोलणीही खायचे नाहीत. पण मोबाइल नंबर टाकून त्यावर आलेला कोड सांगितल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकत नसे. आणि खेड्यातल्या बायकांचा फोन असतो कुठे? मुलाच्या खिशात, आणि मुलगा वावरात नाहीतर पुण्याला. पहिल्याच आठवड्यात एक बाई माझ्यासमोर रडकुंडीला आली, तेव्हा मी माझाच नंबर टाकून दिला. ते दुसरीने पाहिलं, तिने तिसरीला सांगितलं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं नंतर कितीदा वाटलं.

सहा महिन्यांत अर्ध्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या माझ्या नंबरावर आजारी होत्या. जेवताना, रविवारी, केव्हाही फोन वाजायचा. अमकीची तारीख, तमकीचा रिपोर्ट. नवरा म्हणायचा, "आता तूच दवाखाना खोलून घे." मी त्याच्यावर चिडायचे, डॉक्टरांवर चिडायचे, बायकांवरही. पण नंबर काढून घेतला तर त्या उद्यापासून बाहेर, हे मला कळत होतं.

भाचीच्या साखरपुड्याला सिंदीला गेले, तेव्हा मी मुद्दाम फोनचा आवाज बंद केला आणि तो पर्सच्या तळाशी टाकला. दोन दिवस मजेत राहिले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन पाहते तर रक्त तपासणाऱ्यांचे चार मिस्ड कॉल आणि एक मेसेज: रक्त फारच कमी, पेशंटला ताबडतोब दाखवा. मेसेज दोन दिवसांपूर्वीचा. पेशंट म्हणजे आमच्या एक आजी, एकट्या राहणाऱ्या, गाडी जिथून परत फिरते त्या शेवटच्या गावच्या.

फोन करणार कोणाला? आजींचा नंबर म्हणजे मीच. डॉक्टरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी त्यांना आणा." मी डेपोत पळत गेले आणि त्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं.

"नुसता निरोप सांगत नाई बाई, परतीच्या फेरीत घेऊनच येतो," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने त्यांना दंडाला धरून उतरवलं. चेहरा पांढराफटक होता. त्याच पावली वर्ध्याला नेऊन रक्त चढवलं. आजी वाचल्या.

महिन्याने त्या तपासणीला आल्या. रांगेतल्या बायकांना सांगत होत्या, "या पोरीनं एसटी धाडली माह्यासाठी. हिच्यामुळं वाचली मी." मला ते ऐकवेना. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं.

"आजी, तो मेसेज दोन दिवस आधी आलता," मी म्हटलं. "मी पाह्यला नाई. फोनचा आवाज बंद करून ठेवलता."

"काऊन?"

"कंटाळली होती."

"आमचा?"

"हो."

आजींनी टेबलावर हात टेकला. मग म्हणाल्या, "मंग तुहा नंबर काढून टाक माह्या नावावरून."

मी काढला. पडद्यावर रिकामी चौकट राहिली आणि सगळं तिथेच अडलं. "आता कोणाचा टाकू, आजी?"

त्या विचारात पडल्या. मुलाचा नंबर त्यांना पाठ नव्हता, आणि तो गावाला येतो वर्षातून एकदा. शेजारणीचं नाव निघालं. तिच्याशी बोलणं बंद होतं. मागे बायका चुळबुळ करायला लागल्या. आजींनी टेबलावरचा हात काढून घेतला.

"राहू दे तुहाच," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी तोच नंबर पुन्हा टाकला. कोड आला, तोही मीच भरला, आणि आजींना आत पाठवलं.