सहा पोळ्यांचा वर्तमानकाळ

"पुढचं सांगा न वं बाई, तवा तापून राहिला," असं म्हणून ती लाटणं हवेत धरून थांबायची. मी पुढचं सांगितल्याशिवाय कणकेच्या गोळ्याला हात लावायची नाही.

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलं आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्या पाठीमागे ओट्याशी जिची वेणी हलायची, तीच. नऊ वर्षं तिने आपल्याकडे पोळ्या केल्या.

तिचा मुलगा आणि सून बुटीबोरीला कारखान्यात कामाला, नात हिच्याजवळ. नातीला इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि शाळेने घरच्या मोठ्या माणसाला मुलाखतीला बोलावलं होतं. तिथे क्रियापदं विचारतात, असं शेजारणीने हिच्या डोक्यात भरवलं. मी समजावलं, असं कोणी विचारत नाही. "तुमाले काय वं, तुमाले सगळंच येते," ती म्हणाली. मग मी 'गो' हे एकच क्रियापद निवडलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे: शिकवायचं तर क्रमाने आणि संपूर्ण. सगळे काळ, वर आज्ञार्थ आणि संकेतार्थ. 'हॅलो' म्हणायला शिकवावं, हे मात्र मला सुचलं नाही.

तिचे हात पिठाचे, त्यामुळे वही बाद. एका रूपाला एक पोळी असं ठरलं. आय, वुई, यू, ही, शी, दे: साधा वर्तमानकाळ सहा पोळ्यांचा. 'ही' आणि 'शी'पुढे 'गोज' म्हणायचं हे विसरू नये, म्हणून त्या दोन पोळ्यांच्या कडेला ती चिमटा काढायची. तुमचे आजोबा जेवताना पोळीची कड तपासत, "तृतीय पुरुष" म्हणत आणि मगच वरण ओतून घेत.

भूतकाळाला ती अडली. "गो होतं न बाई? मंग हे वेंट काहून झालं?" मी म्हटलं, असंच आहे. तिने पोळी उलटली आणि स्वतःच निकाल दिला, "लगन झालं असन. सासरी नाव बदलवलं."

आम्ही दोघं खाणार पाच पोळ्या. भविष्यकाळाचे चारही प्रकार एका दिवशी घेतले तेव्हा चोवीस झाल्या. शेजाऱ्यांना दिल्या, चौकीदाराला दिल्या, गल्लीतल्या कुत्र्याला घातल्या. संकेतार्थाच्या आठवड्यात कुत्र्यानेही तोंड फिरवलं.

मुलाखतीला तिने मला सोबत नेलं. मुख्याध्यापिकेने इंग्रजीत विचारलं, शाळा सुटल्यावर नातीला न्यायला कोण येणार? तिला प्रश्न कळला नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. तिचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांना एकही रूप येत नव्हतं. एवढ्यात तिला टेबलावरचा गोल रूळ दिसला. तिने काचेवरचे कागद बाजूला सारले, रूळ घेतला आणि लाटायला लागली.

"आय गो. वुई गो. यू गो."

'ही गोज'ला हवेत चिमटा. न दिसणारी प्रत्येक पोळी उचलून ती डावीकडे हजेरीपटावर टाकत होती. चहा घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली. भूतकाळ झाला, भविष्यकाळ झाला, "शी विल हॅव बीन गोइंग" झालं. एकही चूक नाही. मुख्याध्यापिका चष्मा काढून बघत होत्या.

"आज्ञार्थ राहिला, म्याडम," ती घाम पुसत म्हणाली. "उद्या येऊन म्हणीन. पण पोरीले घ्या."

त्यांनी रूळ हलकेच काढून घेतला आणि तोच प्रश्न मराठीत विचारला. शाळा साडेअकराला सुटते. न्यायला रोज घरचं माणूस येणार नसेल, तर प्रवेश देता येत नाही.

साडेअकरा म्हणजे आपल्याकडच्या पोळ्यांची वेळ. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"मी येईन," ती म्हणाली.

परतताना ऑटोत मीच विषय काढला, वेळ बदलून बघू म्हटलं. "तुमाले गरम लागते, बाई. सकाळची पोळी तुमी खात नाई." ते खरंच होतं. आता ती पहाटे एका मेसमध्ये पोळ्या करते, असं कळलं.

मागच्या आठवड्यात सीताबर्डीहून येताना माझा ऑटो त्या शाळेवरून गेला. अकराच वाजले होते. फाटकासमोर उन्हात ती एकटीच उभी होती, पदर डोक्यावर ओढून. मी वाकून बघितलं. तिची नजर फाटकाच्या कडीवर होती. मी हाक मारली नाही.