बंद घरातला फोन

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले निम्मे आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण खेडच्या एका बंद घरातला फोन काही डोक्यातून जात नाही. त्यात कोणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही. तरी कोणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणालं की मी हीच सांगतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी खेड पोलीस ठाण्यात फौजदार होतो. मूळचा घाटावरचा, त्यामुळे कोकणातली माणसं मला नवीन होती. दाभोळपासून जयगडपर्यंतच्या खाड्यांमधून चोरटी चांदी उतरते, अशा खबरा त्या काळात सारख्या यायच्या आणि वरचे साहेब आम्हाला झोपू द्यायचे नाहीत.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपली होती. साठी उलटलेल्या एक काकू ठाण्यात आल्या आणि थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, शेजारच्या बंद घरात कोणीतरी आहे."

"कोण आहे?"

"ते तुम्ही शोधा. मीच शोधलं तर तुम्हाला पगार कशाला?"

ठाणे अंमलदाराच्या खुर्चीतला हवालदार मिशीत हसला. मी काकूंना बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. त्यांचा शेजारी लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात इंजिनीअर. बायको आणि लहान मुलगी यांना घेऊन तो घाईघाईत मुंबईला गेला होता आणि जाताना चावी काकूंकडे देऊन गेला होता.

"दिवसभर त्या घरात फोन वाजतो नि थांबतो. कोण उचलणार? पण संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावायला जात्ये ना, तेव्हा वाजला की आतल्या खोलीत कोणीतरी तो उचलतो. मी नव्हे हो! आणि मग असं किंचाळतं, की अंगावर काटा येतो."

"मग तुम्ही काय करता?"

"रामरक्षा म्हणत्ये. मोठ्यानं."

"पळून नाही येत?"

"दिवा लावल्याशिवाय? बरं विचारता!"

त्या गेल्यावर हवालदार माझ्याजवळ सरकला. "साहेब, हे आपल्या खात्याचं काम नाय. हे भगताचं काम."

"भगताला अजून खात्यात भरती नाही," मी म्हणालो, "तोवर आपणच करू." स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि दुपारी ते घर उघडायला लावलं.

घरात चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीत टेबलावर टीव्हीसारखी एक पेटी, तिच्यासमोर टाइपरायटरसारखी बटणं आणि बाजूला एक चपटा डबा. त्या डब्यातून निघालेली वायर टेलिफोनला जोडलेली. हवालदारानं दिव्याचं बटण दाबलं, पण दिवा लागला नाही. लाईट गेली असेल, असं म्हणून आम्ही खिडकीच्या उजेडात पंचनामा लिहिला. त्या काळात लाईट गेल्याचं कोणाला नवल नव्हतं.

डेप्युटी साहेबांना फोनवर वर्णन सांगितलं, तसा त्यांचा आवाज ताठ झाला. फोनला जोडलेलं यंत्र, बंद घर, ठरावीक वेळ, म्हणजे तस्करांचे निरोपच! "जप्त करा आणि मुंबईला तपासणीला पाठवा," ते म्हणाले. तपासणीला गेलेली वस्तू कधी परत येते, हे आम्हा पोलिसांना चांगलं ठाऊक असतं. मी म्हणालो, "साहेब, आधी मालकाचा जबाब घेतो, मग जप्ती." त्यांनी कुरकुरत होकार दिला.

मालकाला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी तो एसटीनं आला. तिशीतला माणूस, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. गुन्हा करून आलेला माणूस ठाण्यात दाराकडे बघत बसतो. हा माझ्या टेबलावरच्या फोनकडे बघत होता. ते मी मनात टिपून ठेवलं.

"ते यंत्र कसलं?"

"कॉम्प्युटर आहे, साहेब. मी मुंबईत बसून तो चालवतो. फोनवरून."

"अस्सं? मग मलाही इथं बसून गावची म्हैस दोहायला शिकवा."

तो हसला नाही. "साहेब, चेष्टा करू नका, मला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय. माझ्या मुलीच्या हृदयाला भोक आहे. चार दिवसांवर ऑपरेशन आलंय."

मी चहा मागवला. मग त्यानं सगळं नीट सांगितलं. कोणत्या मालात कोणतं रसायन किती घालायचं, याचा हिशेब कॉम्प्युटरनं करावा असा प्रोग्राम तो कंपनीसाठी लिहीत होता. काम घरच्या कॉम्प्युटरवर अर्धं झालेलं, आणि महिनाअखेर ते द्यायचं. त्याची रजा संपली होती. मॅनेजरनं बजावलं होतं, कुठूनही कर, पण वेळेत कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो. उपचार सगळे कंपनीच्या भरवशावर. म्हणून इस्पितळातून सुटला की तो मुंबईतल्या एका मित्राच्या ऑफिसात जायचा, तिथल्या कॉम्प्युटरवरून घरचा नंबर फिरवायचा. घरचं यंत्र आपोआप फोन उचलायचं, दोन्ही यंत्रं शिट्ट्या मारून एकमेकांना ओळखायची आणि हा तिकडून काम करायचा. फोनला यंत्र जोडायची टेलिफोन खात्याची परवानगीही त्यानं खिशातून काढून दाखवली.

"जप्त केलंत तर माझी नोकरी गेली, साहेब. आणि नोकरी गेली तर पोरीचं..."

खरं सांगतो, मला भडभडून आलं. पण पोलिसाला भडभडून येऊन चालत नाही. शिट्ट्या मारणाऱ्या यंत्रांची गोष्ट साहेबांना पटवायची कशी?

"आणि साहेब, तसंही काम होतच नाहीये," तो डोळे पुसत म्हणाला. "दिवसभर फोन लावतो, नुसती घंटा वाजते. दिवेलागणीला तेवढा लागतो. जरा काही लिहितो न लिहितो, तोच तुटतो. एक्स्चेंजची काय भानगड आहे, देव जाणे."

"रोज दिवेलागणीलाच लागतो?"

"रोज."

"आणि वीज गेली तर यंत्राचं काय होतं?"

"बंद पडतं. वीज आली की आपोआप सुरू होतं, तशी सोय केलीय मी. इथली वीज माहितीये ना तुम्हाला!"

माझ्या डोक्यात काकू, त्यांची रामरक्षा आणि न लागलेला तो दिवा एका रांगेत उभे राहिले. मी टोपी उचलली. "चला."

"एक्स्चेंजमध्ये?"

"नाही. दिवा लावायला."

त्यानं ठाण्यातूनच मुंबईच्या मित्राला फोन केला आणि संध्याकाळी घरचा नंबर फिरवत राहायला सांगितलं. दिवेलागणीला आम्ही तिघं, तो, मी आणि हवालदार, त्याच्या घरापाशी उभे राहिलो. मी काकूंना म्हणालो, "आम्ही इथं नाहीच असं समजा. रोज करता तसंच करा."

"एवढे तीन बापये उभे, आणि म्हणे नाहीच!" म्हणत त्यांनी कुलूप काढलं. चपला बाहेर काढल्या, दारामागं हात घातला आणि खटका वर केला. घरात उजेड पडला. आतल्या खोलीत यंत्र घुरघुरायला लागलं. काकूंनी निरांजन लावलं, हात जोडले, रामरक्षा सुरू केली. मधेच फोन वाजला. कोणीही हात न लावता घंटा थांबली आणि अशी काही किंचाळी उठली की हवालदारानं माझी बाही पकडली. काकूंनी आवाज चढवला. पेटीच्या काचेवर भराभर अक्षरं उमटू लागली.

"बघा साहेब! मुंबईहून येतंय!" इंजिनीअर नाचायचाच बाकी होता.

काकूंची रामरक्षा संपली. त्यांनी नमस्कार केला, निरांजन नीट सरकवलं, दाराशी आल्या, दारामागं हात घातला. खट्! अंधार झाला. ओळ अर्धी टाकून काच काळी पडली.

"काकू!" तो ओरडला.

"काय रे? ओरडतोस कशाला?"

"मेन स्विच बंद केलात!"

"मग? रोज करत्ये. मालक मुंबईत, घराला कुलूप, आणि वीज चालू ठेवू? वायर जळली म्हणजे? चावी दिलीस ती घर सांभाळायला ना?"

तो ओटीवर मटकन बसला. हसत होता की रडत होता, सांगता येत नाही. मग त्यानं पोरीच्या दुखण्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, मग चावी देताना सांगायचंस! पोरीच्या जिवाचं काम, आणि मी रोज बंद करत होत्ये?"

त्यानं तरी काय सांगायचं? दिवा लावा, हेही तो बोलला नव्हता. कोकणात चावी दिली की दिवा लावणं आलंच, आणि निघताना वीज बंद करणंही आलंच. मी तसा अहवाल पाठवला. डेप्युटी साहेबांनी दोनदा वाचून घेतला, 'कमाल आहे' म्हणाले आणि जप्तीचा विषय संपला. इंजिनीअर तेव्हाच्या तेव्हा एसटीनं मुंबईला गेला. पुढे त्याचं काम महिनाअखेरीच्या आत पुरं झालं.

या केसनं मला एक धडा दिला, तो मी निवृत्तीपर्यंत पाळला. कुठल्याही घरात संशयास्पद काही दिसलं की आधी विचारायचं, या घरात रोज काय काय करतात? पुष्कळ भुतं आणि निम्मे तस्कर त्या एका प्रश्नानं पळतात.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी त्या घरी गेलो. वीज चालूच होती. काकूंनी दिवा लावला. रामरक्षा चालू असताना फोन वाजला, यंत्र किंचाळलं. या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही. काचेवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायला लागलं.

"काय लिहिलान? वाचा ना लवकर!"

मी वाचलं. "काकू, ऑपरेशन झालं. पोर शुद्धीवर आली. आल्या आल्या पाणी मागितलंन."

काकू त्या पेटीसमोर वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "कळलं रे बाबा, कळलं!" पदरानं डोळे पुसले, देवाला पुन्हा हात जोडले आणि आम्ही दाराशी आलो. चपला घालता घालता त्यांचा हात सवयीनं दारामागं गेला.

हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो हळूच मागं घेतला.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या. "घरात माणूस आहे."